फोन आपला, कुलूप कुणाचं?

बडोद्यातल्या मराठी घरांतून दरवर्षी कोणी ना कोणी शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेला निघतं. गोडा मसाला, छोटा कुकर, औषधं, सर्टिफिकेटांच्या प्रती यांची यादी महिनाभर आधीच तयार असते. फोनचा विषय मात्र "तिकडे गेल्यावर बघू, तिकडे फुकट मिळतो" एवढ्यावर सोडून दिला जातो. पहिल्या आठवड्यात घर शोधायचं, बँकेत खातं उघडायचं, आईबाबांना खुशाली कळवायची, हे सगळं ज्याच्या भरवशावर होणार तो फोन घाईघाईत घेतला जातो, आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याचे हप्ते भरावे लागतात. म्हणून निघण्यापूर्वीच या 'फुकट'चा हिशोब समजून घेतलेला बरा.

अनलॉक्ड म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे फोन दुकानातून घ्यायचा, आज जिओचं सिम, उद्या एअरटेलचं, कोणी विचारत नाही. अमेरिकेत बरेच फोन मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्याच विकतात. असा फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेणार नाही अशी सोय त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते. हे झालं सिम लॉक. ज्या फोनवर ते नाही किंवा काढून टाकलेलं आहे, तो अनलॉक्ड.

इथे तीन कुलपांची गल्लत होते. पडद्यावरचा पिन किंवा बोटाचा ठसा हे पहिलं, ते तुमच्या हातात. आधीच्या मालकाचं अ‍ॅपल किंवा गूगल खातं फोनला चिकटून राहिलेलं असणं हे दुसरं, ते फक्त तो मालक काढू शकतो. तिसरं सिम लॉक, ते कंपनीच्या हातात. जुना फोन विकणारा "अनलॉक्ड आहे" म्हणतो तेव्हा तो कोणत्या कुलपाबद्दल बोलतोय, हे विचारायलाच हवं.

या तिसऱ्या कुलपावरून अमेरिकेत मोठा वादही झाला आहे. २०१३ च्या जानेवारीत कॉपीराइट कायद्यातली एक सवलत संपली आणि नवा घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं बेकायदा ठरलं. व्हाइट हाउसकडे गेलेल्या निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने कायदा झाला आणि ग्राहकाला फोन अनलॉक करण्याची मुभा परत मिळाली. कुलूप लावून विकण्यावर मात्र त्या कायद्याने बंदी घातली नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन अनलॉक्डच विकले पाहिजेत असा नियम केला. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून असे लॉक केलेले फोन विकणं बंद केलं. म्हणजे टोरांटोला किंवा लंडनला जाणाऱ्याला नवा फोन घेताना ही काळजी जवळजवळ नाही, न्यू जर्सीला जाणाऱ्याला आहे.

'फुकट' फोनचा हिशोब

समजा, ७२० डॉलरचा फोन कंपनीने 'फुकट' दिला. कागदावर त्याचे ३६ हप्ते असतात, महिन्याला २० डॉलर. दर महिन्याच्या बिलात कंपनी तेवढेच २० डॉलर सूट म्हणून वजा करते. तुम्ही त्याच कंपनीच्या, बहुधा महागड्या प्लॅनवर टिकून राहाल तोवर हे चालतं. बारा महिन्यांनी कंपनी सोडली, तर सूट बंद आणि उरलेले ४८० डॉलर भरायचे. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी गेलेल्या मुलाने तीन वर्षांचा करार करणं म्हणजे काय, ते यावरून लक्षात येईल.

दुसरी बाजूही पाहा. तो प्लॅन महिना ६५ डॉलरचा असेल आणि तुमचं काम २५ डॉलरच्या प्रीपेड प्लॅनमध्ये होत असेल, तर फरक महिन्याला ४० डॉलर. छत्तीस महिन्यांचे १,४४० डॉलर, म्हणजे फुकट फोनच्या किमतीच्या दुप्पट. मिंट, व्हिजिबल, क्रिकेट अशा स्वस्त सेवा टी-मोबाइल, व्हेरायझन आणि एटी अँड टी यांच्याच टॉवरवर चालतात. अनलॉक्ड फोन हातात असेल तर महिन्याभरात एक सोडून दुसरी घेता येते. शिवाय नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याचा तिकडे कर्जफेडीचा इतिहासच नसतो. त्यामुळे हप्त्याचा फोन देताना कंपनी अनामत मागू शकते किंवा नकार देऊ शकते. प्रीपेड सिमला ही अडचण येत नाही.

चार जणांचं कुटुंब एकाच जागी पाच वर्षं राहणार असेल, तर कंपनीची फॅमिली योजना फायद्याची ठरूही शकते. पण ते गणित मांडून ठरवावं, फलक बघून नाही. लॉक असलेला फोन पुढे अनलॉक होतो, पण अटी असतात : पूर्ण पैसे फिटलेले, ठरावीक दिवस त्याच कंपनीची सेवा वापरलेली, फोन चोरीला गेल्याची नोंद नाही. या अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात आणि बदलतही राहतात. सही करण्यापूर्वी त्या लेखी वाचा. दुकानात स्वस्तात मिळणारे प्रीपेड फोनही बहुधा लॉक केलेलेच असतात.

इथूनच फोन नेला तर?

आपला भारतातला फोन अनलॉक्ड असतो, म्हणून तो तिकडे चालेलच असं मात्र नाही. प्रत्येक देशात मोबाइलच्या लहरींचे पट्टे, म्हणजे बँड, वेगळे असतात. आपल्याकडे बँड ३ आणि ४० चा वापर भरपूर. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६ असे बँड लागतात. टी-मोबाइलचा बँड ७१ लांबपर्यंत आणि इमारतींच्या आत पोचतो, पण भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत तो नसतो. अशा फोनवर शहराच्या मध्यात सगळं ठीक चालतं आणि गावाबाहेरच्या कॉलेजात रेंज जाते.

शिवाय अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपलं ३जी जाळं बंद केलं. आता साधा कॉलही ४जी-५जी वरून, म्हणजे व्होल्टीने जातो. एटी अँड टी तर चालणाऱ्या फोनांची यादीच ठेवते. तुमचा मॉडेल नंबर त्यात नसेल, तर बँड जुळूनही सेवा मिळेलच असं नाही. उपाय सोपा आहे. *#०६# दाबा, फोनचा आयएमईआय नंबर दिसेल. ज्या कंपनीचं सिम घ्यायचं, तिच्या संकेतस्थळावर तो टाकून इथूनच खात्री करून घ्या.

फोन तिकडेच घ्यायचा असेल तर अ‍ॅपल, गूगल यांच्याकडून थेट, किंवा मोठ्या दुकानातून 'अनलॉक्ड' असं स्पष्ट लिहिलेला घ्या. किमतीच्या पाटीवर विक्रीकर धरलेला नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, ओरेगॉनमध्ये अजिबात नाही.

भारतातला नंबर सांभाळा

नवा फोन घेण्याच्या आनंदात जुना नंबर विसरला जातो आणि खरा घोळ तिथे होतो. बँक, आधार, पॅन, विमा सगळं त्या नंबराला जोडलेलं असतं. नंबर नव्वद दिवस वापरात नसला की बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी तिऱ्हाइताच्या हातात!

म्हणून निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि वेळच्या वेळी रिचार्ज करण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे सोपवा. तिकडे गेल्यावर त्या सिमचा डेटा बंद ठेवा आणि त्यावर आलेले कॉल उचलू नका, त्याचे पैसे लागतात. आलेला एसएमएस बहुतेक योजनांत फुकट असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या मालिकेपासून सिमची खाचच नाही, फक्त ईसिम चालतं. तेव्हा आपलं भारतीय सिम इथे असतानाच ईसिम करून घेतलं, तर तिकडची धावपळ वाचते. एनआरई किंवा एनआरओ खातं असेल, तर अमेरिकेसह दहा देशांतल्या स्थानिक नंबरावरून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ मध्ये मिळाली आहे. आपली बँक ही सोय देते का, तेवढं विचारा.

आईबाबांसाठी फोन आणताना

दिवाळीला येताना मुलं हौसेने आईबाबांसाठी फोन आणतात. तो हप्त्यावरचा, लॉक केलेला असेल तर इथलं सिम घातल्यावर पडद्यावर येतं, 'सिम चालणार नाही'. इथला दुकानदार त्यात काही करू शकत नाही, आणि कुठल्याशा गल्लीत पैसे देऊन 'तोडून' घेतलेलं कुलूप पुढच्या अपडेटला परत लागू शकतं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे कॅरिअर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं, तरच तो भेट म्हणून आणावा. दुसऱ्या फोनांत मित्राचं वेगळ्या कंपनीचं सिम घालून एक कॉल करून पाहावा. वॉरंटी भारतात चालते का, हेही विचारून घ्यावं. अनेक कंपन्यांची ती खरेदीच्या देशापुरतीच असते.

यंदा ज्यांच्या घरातून कोणी निघणार आहे, त्यांनी सामानाच्या यादीत तीन ओळी वाढवाव्यात : आयएमईआय तपासला, भारतीय नंबराची सोय केली, कराराच्या अटी वाचल्या. एका रविवारच्या दुपारी, चहा पिता पिता होणारं काम आहे. मग विमानतळावर उतरल्यावर "पोचलो गं आई" हे सांगायला कोणाचा फोन मागावा लागणार नाही.