जुन्या मोटारीची ठिणगी कोठे हरवते?

बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मोटारींच्या मालकांची परीक्षा असते. चावी फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिन गुरगुरते. पण पेट घेत नाही. मग मेकॅनिकला बोलावणे जाते आणि अनेकदा कॉइल, प्लग, कंडेन्सर असे सारेच एकदम बदलले जाते. प्रत्यक्षात दोष डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली साचलेल्या ओलाव्याचा असू शकतो, आणि त्यावरचा उपाय कोरडे फडके एवढाच असतो.

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० या गाड्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास बंद झाले, तर अ‍ॅम्बॅसेडर आणि मारुती ८०० यांचे २०१४ मध्ये. या गाड्या जाणणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत. त्यामुळे प्राथमिक तपासणी घरीच करता येणे ही मालकांची गरज बनली आहे. ती अवघड नाही, कारण या गाड्यांतील ठिणगीचा मार्ग डोळ्यांनी पाहता येतो.

अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रूढ केलेली रचनाच त्यांत आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलकडे जातात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर तो दाब क्रमाने एकेका प्लगकडे पोहोचवतो. पॉइंटवर ठिणग्या उडून ते जळू नयेत, हे काम कंडेन्सरचे. या साखळीत एक कडी सैल झाली तरी गाडी थांबते. म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी साखळी बॅटरीकडून प्लगकडे तपासत जावे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

सेल्फच जड फिरत असेल तर दोष प्रज्वलनाचा नसून बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलवर साठलेल्या पांढऱ्या क्षाराचा असतो. वाहतूक कोंडीला कंटाळून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणाऱ्यांनी येथूनच सुरुवात करावी. सेल्फ जोमाने फिरत असेल तर एक प्लग काढून तो पुन्हा वायरला जोडावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दुसऱ्या व्यक्तीला चावी फिरवण्यास सांगावे. वायर हातात धरू नये. रबरी मूठ असलेली पक्कड वापरावी. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर, मोकळ्या हवेतच हा प्रयोग करावा. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट आणि मरगळलेली ठिणगी क्षीण समजावी. इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात.

ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. त्यापूर्वी प्लगच्या वायरींवर क्रमांक घालावेत. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि तो चुकला तर नसलेले दुखणे ओढवते. झाकण आतून पुसून प्रकाशात धरावे. केसासारखी काळी रेघ दिसली तर तेथून दाब गळतो. असे झाकण पुसून भागत नाही, बदलावेच लागते. गाडी सुरू होत असूनही अडखळत असेल तर रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे. जीर्ण वायरींवरून नाचणाऱ्या निळ्या ठिणग्या सहज दिसतात.

पॉइंट काळवंडले असतील तर बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासून त्यांचे अंतर फीलर गेजने पाहावे. ते गाडीनुसार साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटर असते. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळले, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली तर पॉइंट आणि कॉइल दोन्ही तापून खराब होतात. घरच्या दुरुस्तीत हा अपघात नेहमी होतो.

प्लगचा रंगही बरेच काही सांगतो. फिकट तपकिरी टोक निरोगी इंजिनाचे लक्षण, तर तेलकट टोक झिजलेल्या रिंगचे. कोरडी काळी काजळी मात्र पुष्कळदा कार्ब्युरेटरकडे बोट दाखवते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. मुंबईत किंवा गोव्यात समुद्रकाठी जुळवून आणलेल्या गाडीला येथील विरळ हवेत पेट्रोलचे प्रमाण थोडे जास्त होते. सिग्नलवर तासन्‌तास घुटमळणे त्यात भर घालते. अशा वेळी नवे प्लगही काही दिवसांत काळे पडतात आणि दोष विनाकारण प्लगच्या माथी येतो. बंगळुरूत हे विशेष खटकते, कारण १९५१ मध्ये स्थापन झालेल्या माइको कंपनीचे प्लग येथेच, आडुगोडीत, बनू लागले. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले. माइको लेआउट या वस्तीच्या नावात जुने नाव टिकून आहे.

गाडी व्यवस्थित चालून कोंडीत बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, ही तक्रार फसवी असते. तापल्यावर दगा देणारी कॉइल हे एक कारण. पंपात पेट्रोलची वाफ होणे हे दुसरे. बंद पडताच ठिणगी तपासावी. ठिणगी असेल तर पंपावर ओले फडके ठेवून पाहावे. जुने टॅक्सीचालक हेच करीत.

इंधनाकडे लक्ष देण्यास आता आणखी एक कारण आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूतच झाला. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी बनलेले नाहीत. प्लगवर ठिणगी आहे, पण महिनाभर उभी असलेली गाडी पेट घेत नाही, अशा वेळी टाकीच्या तळातील पाणी आणि मऊ पडलेल्या नळ्या आधी पाहाव्यात. पेट्रोल झिरपत असेल तर ठिणगीचा प्रयोग तेथेच थांबवावा.

टायमिंगची जुळणी मात्र स्ट्रोब दिवा असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावी. सुटे भाग जे. सी. रोडवरील दुकानांत घेताना काढलेला भाग सोबत न्यावा, म्हणजे माप चुकत नाही; आणि एका वेळी एकच भाग बदलून गाडी सुरू करून पाहावी.