काटा थरथरतो तेव्हा

ज्या घरात जुनी मोटार असते, त्या घरात एक वडीलधारे माणूस अधिक असते. तिच्या खोकल्याची सर्वांना सवय झालेली असते, तिच्या कुरकुरीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. एखादे दिवशी ती खरोखरच काही सांगू लागली, तरी ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्याकडील १९७४ सालच्या अँबॅसिडरच्या बाबतीत आमच्या हातून नेमके हेच घडले, आणि तिच्याबरोबर आमच्या वडिलांवरही थोडा अन्याय झाला. त्याची ही हकीकत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील ज्या मराठी घरांत अशी गाडी अद्याप जपून ठेवलेली आहे, त्यांना तिचा काही उपयोग झाला तर आनंदच आहे.

ही गाडी बाबांनी ऐन तिशीत घेतली. महेश्वरचा घाट, ओंकारेश्वरचे दर्शन, पुण्या-नाशिकची लग्नकार्ये हे सारे तिने केले. तिचे किलोमीटरचे आकडे ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यावर येतात. असे आजवर दोनदा झाले आहे. बाबा आता ८२ वर्षांचे आहेत आणि अगदी अलीकडेपर्यंत गाडी तेच चालवीत.

गेल्या हिवाळ्यात वेगाचा काटा थरथरू लागला. प्रथम थोडा, मग चांगलाच. गाडी एकसारखी चालली आहे असे वाटे, पण काटा २० वरून ५५ वर उडी घेई आणि पुन्हा खाली येई. गारठ्याच्या सकाळी त्या तबकडीच्या मागून चीं चीं असा आवाजही येई. शेजारी बसलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनी हे दोन-तीन वेळा पाहिले आणि एके रात्री, बाबा झोपल्यावर, स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले, “बाबांचा पाय आता स्थिर राहत नाही. गाडी काढून टाकू या.” आम्हीही मान डोलावली. एक गिऱ्हाईकही येऊन गाडी पाहून गेले. बाबांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, गाडी तशी चालत नाही. मला इंजिनाच्या आवाजावरून कळते ना!” त्यांच्या या म्हणण्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

गाडी विकावयाची तर काटा तरी नीट असावा, म्हणून आम्हीच हात घातला. तबकडीमागची केबल सोडवून तिच्या वरच्या तोंडातून शिवणयंत्राचे तेल सढळ हाताने ओतले. दुसऱ्या दिवशी त्याचा प्रसाद मिळाला. राजवाड्यासमोरच्या गर्दीत, जेथे पायी चालणारा माणूस सहज गाडीच्या पुढे जातो, तेथे आमचा काटा ८० दाखवू लागला!

अखेर छावणीतील एका वृद्ध मिस्त्रींना गाठले. त्यांनी गाडी गल्लीतून एक फेरी फिरवून आणली आणि हसून म्हणाले, “बाबूजी, काँटा तो बेचारा सच्चा है, उसको खबर ही गलत मिल रही है.” या एका वाक्याने आमचे डोळे उघडले.

रस्त्यापासून काट्यापर्यंत

आजच्या गाड्यांत वेगाची वार्ता विजेच्या तारेतून येते. जुन्या गाडीत ती फिरत येते. गीअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जेथून मागील चाकांकडे गती जाते, तेथे एक लहान दंतचक्र असते. त्याला एक लांब, लवचिक, पोलादी तारांची वळलेली केबल जोडलेली असते. चाके फिरली की ही केबल आपल्या नळीच्या आत गरगर फिरते आणि गाडीच्या तळाखालून थेट तबकडीच्या मागे पोहोचते.

पुढची करामत मोठी मनोवेधक आहे. केबलच्या वरच्या टोकाला एक चुंबक बसविलेला असतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे वाटी चुंबकामागे ओढली जाते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ही ओढ अधिक. वाटीला काटा जोडलेला असतो आणि केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचून धरते. ओढ आणि कमान यांचा जेथे तोल साधतो, तेथे काटा थांबतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. घरोघरी भिंतीवर जे जुने वीजमीटर असत, त्यांतील फिरती चकतीही अशाच प्रवाहांच्या बळावर फिरे.

आम्ही ओतलेले तेल नळीतून वर चढून या वाटीत शिरले होते. चुंबक आणि वाटी यांच्यामधल्या हवेच्या जागी चिकट तेल आले, त्याने वाटीला आपल्यासोबत फरफटत नेले आणि काटा ८० वर गेला. अज्ञानाने केलेली सेवा कशी अंगाशी येते याचा हा पुरावाच!

दोष ओळखावा कसा?

तबकडीत दोन गोष्टी असतात : वेग सांगणारा काटा आणि अंतर मोजणारे आकडे. दोन्ही एकाच केबलवर चालतात. मात्र आकड्यांना चुंबकाची मध्यस्थी लागत नाही, ते थेट दातांवर फिरतात. म्हणून प्रथम दोहोंकडे पाहावे. दोन्ही बंद असतील तर केबल तुटली आहे, टोकाशी निसटली आहे, किंवा खालचे दंतचक्र झिजले आहे. आकडे चालतात पण काटा मेल्यासारखा पडून आहे, तर दोष तबकडीच्या यंत्रात आहे. आणि आकडे नीट चालून काटा नाचत असेल, तर बहुतेक वेळा केबल कोठे तरी अडते आहे.

अडते म्हणजे काय? सुतळीचे एक टोक मुठीत सैलसर धरून दुसरे टोक फिरवून पाहावे. थोडा वेळ सुतळीला नुसता पीळ बसत जातो आणि मग मुठीतून ती एकदम सुटून भर्रकन फिरते. कोरडी पडलेली केबल हेच करते. खालचे टोक संथपणे फिरत असते. मध्ये घर्षणामुळे पीळ साठतो, मग एकदम सुटतो. वरच्या चुंबकाला क्षणात मंद, क्षणात जलद अशी गती मिळते आणि काटा तेच प्रामाणिकपणे दाखवितो. आकड्यांना मात्र याचा उपद्रव होत नाही. साठलेला पीळ शेवटी सुटतोच, आणि एकूण फेऱ्यांची बेरीज अचूक राहते. आमच्या गाडीचे अंतर या सर्व महिन्यांत बरोबर मोजले जात होते. आम्ही पाहत होतो तो केवळ काटा.

प्रत्यक्ष दुरुस्ती

मिस्त्रींनी सांगितलेली रीत येथे क्रमाने देतो. प्रथम बॅटरीची एक तार सोडावी, कारण तबकडीमागे उघड्या तारांची दाटी असते. मग केबलची चाकी फिरवून ती तबकडीपासून मोकळी करावी आणि आतली तार वरून हलकेच ओढून घ्यावी. आमच्या तारेवर जुने ग्रीस वाळून काळ्या गोळ्या झाल्या होत्या.

तार रॉकेलने धुऊन, कापडाने कोरडी करून सपाट फरशीवर लाटण्यासारखी फिरवून पाहावी. कोठे मुरड असेल तर तेथे ती उसळी मारते. अशी तार सरळ करण्याच्या खटपटीत पडू नये, ती बदलावी. टोकांचे चौकोनी भाग झिजून गोल झाले असले तरीही बदलावी. आमची तार सुदैवाने शाबूत होती.

खरा अपराधी नळीच्या वाटेवर सापडला. पूर्वी कधी तरी रेडिओ बसविताना नळी बाजूला सारून तारेने करकचून बांधली होती, आणि तेथे तिला इतके आखूड वळण पडले होते की आतल्या तारेचा श्वासच कोंडावा. नळीच्या कोणत्याही वळणाची त्रिज्या सुमारे ६ इंचांहून कमी नसावी. हा नियम मिस्त्रींनी हाताचा पंजा फाकून दाखविला. बांधलेली तार कापली, नळी मोकळ्या वळणाने नेली.

मग तारेला बोटांनी पातळ ग्रीसचा नुसता हात फिरविला आणि वरच्या टोकाकडील ६ ते ८ इंच मुद्दाम कोरडे ठेवले. ते कोरडे ठेवण्याचे कारण आमच्याइतके चांगले कोणास ठाऊक असणार! तार फिरवत फिरवत आत सारली, खालच्या चौकोनात ती बसल्याचे हाताला कळले. वर नळीबाहेर ती सुमारे १ सेंटिमीटर उरावी. चाकी हातानेच आवळावी, पक्कड लावू नये.

तेलाने माखलेले यंत्र एका घड्याळजींकडून साफ करून घेतले. हे काम घरी करू नये. ती केसासारखी कमान एकदा वाकली की सारे मोजमाप कायमचे बिघडते.

दगडांची साक्ष

काटा स्थिर झाला, तरी तो खरा आहे की नाही हे कसे कळावे? त्यासाठी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि मनगटावरचे घड्याळ पुरेसे आहे. वेग एकसारखा ठेवून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजावे आणि ३६०० ला त्या संख्येने भागावे. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४०, ७२ लागले तर ५०, ६० लागले तर ६०. मोजणी शेजारी बसणाऱ्याने करावी, चालविणाऱ्याने नव्हे. चाकांना मुळापेक्षा लहान टायर असतील तर काटा खऱ्याहून अधिक वेग दाखवील, हेही ध्यानात ठेवावे.

एका रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, आम्ही उज्जैनच्या रस्त्याला लागलो. बाबा चालवीत होते, बंधू शेजारी, आम्ही मागे. बंधूंनी घड्याळ काढले तेव्हा बाबा म्हणाले, “थांब, तो काटा आधी झाक.” मातुःश्रींनी डब्याभोवती बांधून दिलेला पंचा बंधूंनी तबकडीवर टाकला. बाबांनी सांगितले, “चाळीस.” आणि ते समोर पाहत राहिले.

पहिला किलोमीटर ९१ सेकंद. दुसरा ८९. तिसरा बरोबर ९०. बंधूंनी काही न बोलता पंचा उचलला. काटा ४० वर होता, देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखा निश्चल.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्या पायाला आम्ही डळमळीत ठरविले होते, तो पन्नास वर्षे होता तसाच होता. पीळ साठला होता तो तारेत, आणि काहीसा आमच्याही मनात. एकदाही आम्ही त्यांना सरळ विचारले नव्हते. थरथरणाऱ्या काट्याकडे पाहून निकाल देऊन मोकळे झालो होतो.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा बंधू चाचरत म्हणाले, “बाबा, आमचे चुकलेच. गाडी विकायची नाही.” बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. “गाडी राहू दे. पण काटा सरळ झाला म्हणून डोळे तरुण होत नाहीत. समोरून दिवे आले की मला आता नीट दिसत नाही. रात्रीची मी चालवणार नाही. दिवसाचेही जेव्हा थांबायचे तेव्हा मीच सांगेन. तेवढे मला विचारत जा.”

घरी परतताना गाडी आम्ही चालविली. बाबा शेजारी बसले होते आणि अधूनमधून, तबकडीकडे न पाहता, सांगत होते, “पन्नास झाले, जरा कमी कर.” प्रत्येक वेळी काट्याकडे पाहिले की ते खरे असे.