शेवटच्या कडव्यातला गणू

राहात्याच्या आमच्या घरी दिवेलागणीला आजी शिर्डीच्या दिशेनं तोंड करून उभी राहायची. समईत तेल घालता घालता ‘शिर्डी माझे पंढरपूर’ म्हणायची आणि शेवटच्या कडव्याशी आली की डोळे मिटून हात जोडायची. त्या कडव्यात ‘गणू’ असं नाव येतं. लहानपणी मला तो गणपतीच वाटायचा. देवानं साईबाबांची आरती गावी, यात मला काही नवल वाटत नसे. हा गणू अकोळनेरच्या सहस्रबुद्ध्यांचा, आणि काही काळ पोलिसातला शिपाई होता, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तेव्हापासून या माणसाचा माग सुटलेला नाही.

हल्ली माझी भाची कोरियन गाणी ऐकते. आययू ही तिथली गायिका आपली गाणी आपणच लिहिते, याचं तिला मोठं कौतुक. ते रास्तच आहे. पण परवा तिनं विचारलं, “मावशी, आपल्याकडे असं लिहून गाणारं कोणी झालंच नाही का गं?” मला आजीचं ते शेवटचं कडवं आठवलं. आपल्याकडे तर गाण्यातच सही करायची रीत. संतांच्या अभंगात ती आहे, शाहिराच्या कवनात आहे. नगर जिल्ह्याच्या मातीत या रीतीचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा वारस हाच गणू, म्हणजे दासगणू, असं माझं ठाम मत आहे.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे यांचा जन्म ६ जानेवारी १८६८ चा. इंग्रजी शाळा अर्धवट सोडून ते पोलिसात शिरले. जागच्या जागी कवन रचायची हातोटी उपजत होती आणि ती पहिल्यांदा फळाला आली तमाशाच्या फडात. हा शिपाई लावण्या रचायचा. पुढच्या चरित्रकारांना हा भाग अडचणीचा वाटला असावा, तो दोन ओळींत उरकलेला दिसतो. मला मात्र सगळं बीज तिथंच दिसतं. समोरचा प्रेक्षक उठून जाण्याआधी त्याला धरून ठेवायचं, ध्रुवपद पहिल्याच फेरीत लोकांच्या तोंडी बसवायचं, हे शिक्षण फडाशिवाय कुठं मिळणार?

१८९० च्या दशकात बाबांचे भक्त नानासाहेब चांदोरकर यांच्याबरोबर गणू शिर्डीला आला. राहाता तालुका तेव्हा नव्हता, हा सगळा मुलूख कोपरगाव तालुक्यातला. बाबा शिर्डी सोडून लांब कुठं जात नसत. नीमगावला जायचे, आमच्या राहात्याला खुशालचंद शेटजींकडे यायचे. बाबांनी गणूला नोकरी सोडायला सांगितलं आणि गणूला फौजदार व्हायचं होतं. हे ओढाताणीचं नातं बरीच वर्षं चाललं. कान्हा भिल्ल या दरोडेखोराच्या मागावर गोसाव्याच्या वेशात हिंडताना जिवावरचे प्रसंग आले, दर वेळी नोकरी सोडण्याची शपथ घेतली गेली आणि दर वेळी ती मोडली गेली. १९०३ च्या सुमारास अखेर बिल्ला सुटला. पुढचं बिऱ्हाड नांदेडला, आणि सगळं आयुष्य कीर्तनाचं.

कीर्तनकार म्हणून त्यांचं रूप ठरलं तेही शिर्डीतच. एकदा कीर्तनाला निघताना त्यांनी लांब अंगरखा घातला, उपरणं घेतलं, डोक्याला फेटा बांधला आणि ते बाबांच्या पाया पडायला गेले. नवरदेवासारखा सजून कुठं निघालास, अशा अर्थाचं बाबा बोलले आणि हे सगळं कशाला म्हणून विचारलं. दासगणूंनी तिन्ही वस्त्रं तिथंच उतरवली. पुढं जन्मभर उघड्या अंगानं, गळ्यात हार, हातात चिपळ्या, असे ते नारदाच्या गादीवर उभे राहिले. बाबांनी पोशाख उतरवायला लावला. गाणं मात्र उतरवायला लावलं नाही. लावणीकाराचा गळा आणि शब्द त्यांनी तसाच राहू दिला, फक्त त्याची दिशा फिरली.

ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळात त्यांचं कीर्तन झालं, तेव्हा श्रोत्यांत चोळकर नावाचे एक गरीब उमेदवार होते, दिवाणी कोर्टात तात्पुरत्या नोकरीवर. परीक्षा पास होऊन नोकरी कायम झाली तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन, असं ते मनातल्या मनात बोलले. नोकरी कायम झाली, पण शिर्डीला जाण्याइतके पैसे जमेनात. म्हणून त्यांनी चहातली साखर सोडली. शेवटी ते शिर्डीला पोचले तेव्हा बाबांनी आपले भक्त बापूसाहेब जोग यांना सांगितलं, यांना चहा द्या, साखर भरपूर घाला. ही गोष्ट चमत्काराची म्हणून सांगतात. मला तिच्यात एका गायकाची ताकद दिसते. शिर्डी न पाहिलेल्या माणसानं एका रात्रीच्या गाण्यावर कित्येक दिवस बिनसाखरेचा चहा प्यावा! मुंबई-ठाण्याचे चाकरमाने शिर्डीच्या वाटेला लागले, त्यात या चिपळ्यांचा वाटा फार मोठा आहे.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळते ती पार्ल्याच्या प्रसंगापाशी. दासगणू ईशावास्य उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहीत होते. शब्दार्थ लागत होता, मर्म हाती येत नव्हतं. पंडितांशी बोलून झालं. बाबांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की पार्ल्याला काकांची मोलकरीण ही शंका फेडील. काका म्हणजे बाबांचे भक्त हरी सीताराम दीक्षित. दासगणू पार्ल्याला मुक्कामाला राहिले. सकाळी गाणं ऐकू आलं. नारिंगी साडीचं, तिच्या सुंदर काठापदराचं गाणं. जाऊन पाहतात तर काकांच्या नाम्या गड्याची बहीण, आठेक वर्षांची पोर, अंगावर एक फाटकं फडकं, आणि भांडी घासता घासता नारिंगी साडीचं गाणं गाते आहे. त्यांना कळवळा आला. बाबांचे आणखी एक भक्त मोरेश्वर प्रधान यांना सांगून त्यांनी तिला एक साडी देववली. दुसऱ्या दिवशी ती नेसून पोर फुगड्या घालत नाचली. तिसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून पुन्हा त्याच फडक्यात आली, आणि चेहऱ्यावरचा आनंद तसूभरही कमी नव्हता. उपनिषदातलं ‘त्यागून भोगावं’ म्हणजे काय, ते दासगणूंना तिथं उमगलं. आयुष्यभर लोकांना गाणी देणाऱ्या माणसाला अडलेला अर्थ एका भांडी घासणाऱ्या मुलीच्या गाण्यातून मिळाला, आणि तो त्यांनी मानानं घेतला.

आता वादाचं. १९०६ च्या ‘भक्तलीलामृता’त दासगणूंनी बाबांचे गुरू म्हणून सेलूच्या गोपाळराव देशमुखांची कथा रंगवली. ती पुढं पुष्कळांनी खरी धरली. एम. व्ही. कामथ आणि वि. बा. खेर यांच्या १९९१ च्या इंग्रजी चरित्रानं मात्र तिला हात घातला. गोपाळरावांचा काळ अठराव्या शतकातला, बाबांचा एकोणिसाव्या. मग गुरू-शिष्याची भेट व्हायची कशी? माझ्या मते खेरांचं म्हणणं बिनतोड आहे. दासगणूंवर भक्ती असली म्हणून हे झाकायचं कारण नाही. कीर्तनकार आख्यान रचतो तेव्हा ऐकीव कथेची गाठ ऐकीव कथेशी मारतो. इतिहासकार म्हणून ते चुकले. गाण्यात मात्र ते स्वतः पाहिलेलं, स्वतःला झालेलं सांगतात. प्रयागाला जायची परवानगी मागायला गेले असता बाबांच्या अंगठ्यातून पाणी झरलेलं पाहिलं, ते लगेच पदात उतरलं. इथं साक्षीदार ते स्वतःच आहेत, म्हणून खाली सही करायला हात कचरत नाही.

१९१८ च्या गणेशचतुर्थीला महेश्वरला नर्मदेकाठी त्यांनी ‘साईनाथ स्तवनमंजरी’ पुरी केली. महिना-सव्वा महिन्यात, १५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी बाबांनी देह ठेवला. दासगणू तेव्हा पंढरपुरात होते. पहाटे बाबा स्वप्नात आले आणि मला फुलांनी झाक असं सांगून गेले. ते शिष्यांसह शिर्डीला धावले आणि समाधीपुढं गात राहिले. ज्यानं शिर्डीला पंढरपूर म्हटलं, त्याला ती बातमी पंढरपुरातच कळावी, हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

पुढं १९३९ मध्ये शेगावच्या गजानन महाराजांवर २१ अध्यायांचा ‘गजानन विजय’ झाला. आज विदर्भात घरोघरी त्याचं पारायण चालतं. २५ नोव्हेंबर १९६२ ला पंढरपुरात, चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य पुरं करून, दासगणू गेले.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, त्या मुलीचं नाव काय होतं?” मला सांगता आलं नाही. साईसच्चरित्रात ती नाम्याची बहीण, एवढीच येते. तिच्या नारिंगी साडीच्या गाण्याखाली सही नाही. गणूचं नाव रोज सूर्यास्ताला शिर्डीच्या धूपारतीत हजारो तोंडांतून निघतं, आणि त्याला ईशावास्य शिकवणारीचं कुणाला ठाऊक नाही. आता मी समईत तेल घालताना शेवटच्या कडव्याशी येते तेव्हा आजीसारखे हात जोडते, आणि मनात गणूच्या शेजारी तिलाही उभी करते.