मृतांशी बोलण्याचा पोरखेळ

ऑक्टोबर महिना संपत आला की अमेरिकेतील चित्रगृहांत भुताखेतांचे चित्रपट झळकू लागतात. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ नोव्हेंबर रोजी, आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. एकाच विषयाची ही दोन टोके होत. मेलेली माणसे कोठे जातात, आपले बोलणे त्यांना ऐकू येते काय, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. म्हणून २४ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'ओईजा' या चित्रपटाविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. असे चित्रपट पाहण्यासाठी मुलांना आता चित्रगृहात जावे लागत नाही. ते त्यांच्या हातातील फोनवर घरबसल्या येतात.

ओईजा म्हणजे अक्षरे, आकडे आणि 'होय', 'नाही', 'निरोप' हे शब्द लिहिलेली पाटी. तिच्यावर हृदयाच्या आकाराची एक लहान फळी ठेवून सर्वांनी बोटे टेकवायची आणि मृतात्म्याला प्रश्न विचारायचे. आपल्याकडे या प्रकाराला प्लँचेट म्हणतात, आणि वसतिगृहांतील मुले उपड्या वाटीवर किंवा नाण्यावर भागवतात. तेव्हा विषय परका असला, तरी मोह ओळखीचा आहे.

चित्रपटाची सुरुवात खरोखर आशादायक आहे. लेन आणि डेबी या बालमैत्रिणी. एके दिवशी डेबी घरात मृतावस्थेत सापडते आणि तिने आत्महत्या केली असे सारे समजतात. लेनला तिचा निरोप घेता आलेला नसतो. काय झाले, का झाले, हे तिला कळत नाही. लहानपणी दोघी ज्या पाटीशी खेळल्या, तीच पाटी घेऊन ती चार सोबत्यांसह मैत्रिणीच्या रिकाम्या घरात बसते. येथवर पाहणाऱ्याचे मन हेलावते. कारण तरुण वयात मित्र गमावलेल्या प्रत्येकाचे हे दुःख आहे.

परंतु यानंतर दिग्दर्शक स्टाइल्स व्हाइट यांना या दुःखाशी काही कर्तव्य उरत नाही. दार आपटते, दिवा विझतो, कानठळ्या बसविणारा आवाज होतो आणि प्रेक्षक दचकतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दचकणे म्हणजे भिणे नव्हे. पाठीमागून कोणी फटाका वाजविला तरी आपण दचकतोच. सोबती एकेक करून मरतात. पण मागे उरलेले त्यांच्यासाठी धड रडतही नाहीत, कारण कथानकाला सवड नाही. वडीलधारी माणसे तर जवळजवळ नाहीतच. डेबीचे आईवडील घर लेनवर सोपवून निघून जातात, लेनचे वडीलही कामानिमित्त बाहेरगावी जातात. शोकाकुल मुले घरात एकटी उरतात आणि हे कोणालाच खटकत नाही!

सर्वांत मोठी निराशा पुढेच आहे. जवळच्या माणसाने स्वतःचा जीव घेतला असता मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न वर्षानुवर्षे पोखरतो: मला का कळले नाही, मी थांबवू शकलो असतो काय? चित्रपट या प्रश्नाला हात घालतो आणि लगेच सोडून देतो. डेबीने काही केलेच नाही, भुताने करविले, असे ठरते आणि प्रश्न मिटतो. शेवटी प्रेत आणि पाटी जाळल्यावरही ती फळी लेनच्या घरात पुन्हा प्रकट होते. निरोपासाठी सुरू झालेली कथा निरोप न घेताच संपते. पुढच्या भागासाठी दार उघडे ठेवायचे असते ना!

हे असे का झाले, याचे एक उत्तर व्यवहारात आहे. ही पाटी आज हॅस्ब्रो या खेळणी बनविणाऱ्या कंपनीच्या मालकीचे बोधचिन्ह आहे, आणि चित्रपटाच्या निर्मितीत तीच कंपनी सहभागी होती. सुमारे ५० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर १० कोटी डॉलरांहून अधिक मिळकत केली. समीक्षकांनी नाक मुरडले, तरी तिकिटे खपली. माणसे मूर्ख म्हणून गेली असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न खरा आहे, म्हणून ती गेली.

या प्रश्नाचा इतिहासही दुःखाचाच आहे. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स कुटुंबातील दोन लहान बहिणींनी मृतात्मे ठकठक करून उत्तरे देतात असे सांगितले आणि त्यांच्या नावाचा गाजावाजा झाला. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेत लक्षावधी तरुण मेले. कित्येक मातांना पुत्राचा देहही पाहावयास मिळाला नाही. अशा घरांतून मृतांशी बोलण्याच्या बैठका भरू लागल्या. १८८८ साली फॉक्स भगिनींपैकी मार्गारेट हिने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर जाहीर केले की तो ठकठकाट आपण पायाच्या बोटांचे सांधे वाजवून करीत होतो. पुढे तिने हे शब्द मागे घेतले. परंतु बाजार थांबला नाही. १८९१ साली बॉल्टिमोरच्या एलिजा बाँड यांच्या नावे ओईजाच्या पाटीचे पेटंट नोंदले गेले आणि शोक दुकानात विकावयास आला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्येही तेच घडले. सर ऑलिव्हर लॉज यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकाचा मुलगा रेमंड १९१५ साली रणांगणावर पडला, आणि बापाने मृत मुलाशी झालेल्या कथित संभाषणांचे पुस्तक १९१६ साली छापले. त्याला हसण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

मग ती फळी हलते तरी कशी? याचे उत्तर पाटीच्या जन्माआधीच सापडले होते. १८५२ साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्याने दाखवून दिले की मनात एखादी कल्पना वा अपेक्षा असली की आपल्या नकळत स्नायू सूक्ष्म हालचाल करतात. १८५३ साली मायकेल फॅरडे यांनी मृतात्मे मेज फिरवितात या समजुतीची परीक्षा घेतली. हात आणि मेज यांच्यामध्ये त्यांनी पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लेपाने बसविले. मेज हातांना ओढीत असते, तर खालचा थर आधी सरकला असता. प्रत्यक्षात वरचा, हाताखालचा थर आधी सरकलेला दिसला. पुढे त्यांनी हाताची हालचाल दाखविणारा काटा बसविला. बसलेल्यांना तो काटा दिसू लागताच मेज फिरावयाचे थांबले. ती माणसे लबाड नव्हती. त्यांचेच हात त्यांना फसवीत होते. तात्पर्य, पाटी आपल्याला आपलेच मन परत देते. भयभीत मुलांनी विचारले तर भय, अपराधी वाटणाऱ्याने विचारले तर आरोप.

नवलाची गोष्ट ही की याच चित्रपटाच्या आधीची कथा सांगणाऱ्या, २०१६ साली आलेल्या चित्रपटाला हे मर्म कळले आहे. दिग्दर्शक माइक फ्लॅनगन यांनी १९६७ सालचे लॉस एंजेलिस निवडले. एक विधवा दोन मुलींच्या साहाय्याने मृतात्म्यांच्या खोट्या बैठका भरवून पोट भरते. पण पतीच्या मृत्यूने तीही पोळलेली आहे. मुलींच्या शाळेतील धर्मगुरू, ज्यांची पत्नी त्यांच्या दीक्षेपूर्वी वारली होती, ते धाकट्या मुलीची परीक्षा घेतात आणि ओळखतात की आलेली उत्तरे पत्नीची नव्हेत. ती त्यांच्याच मनातून वाचलेली आहेत. भूत येथेही आहेच. पण दुःखाला दुःख म्हणून मान दिला आहे, म्हणून भय अंतःकरणापर्यंत पोहोचते.

पवित्र ख्रिस्तसभा अशा बैठकांना पूर्वीपासून मनाई करीत आली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २११६) तिचे कारण दिले आहे: अशा प्रकारांत काळावर, इतिहासावर आणि अखेरीस माणसांवर सत्ता चालविण्याची वासना दडलेली असते. मृत माणूस आपल्या हुकमाचा चाकर नव्हे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील शौल राजा आठवा. ज्याने भूतविद्या करणाऱ्यांना देशाबाहेर घालविले, तोच रात्री वेष पालटून एन-दोर येथील स्त्रीकडे गेला. उत्तर ऐकून तो जमिनीवर कोसळला. त्याने दिवसभर अन्न घेतले नव्हते. त्या वेळी त्या स्त्रीने वासरू कापले, भाकरी भाजल्या आणि आग्रहाने त्याला जेवू घातले. भ्यालेल्या माणसाला त्या रात्री मिळालेली खरी मदत ती एवढीच.

वाचक माता-पित्यांना आमची विनंती याच दिशेची आहे. तुमच्या मुलांनी वाटी उपडी घातलेली दिसली तर वाटी फेकण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: तुम्ही कोणाला बोलावीत होता? उत्तर थट्टेचे असेल, तर समजावून सांगून विषय संपवा. परंतु उत्तरात एखादे नाव आले, वर्गमित्राचे, आजीचे, अकाली गेलेल्या भावाचे, तर रागावू नका. जवळ बसवा, जेवू घाला, त्या माणसाविषयी बोलू द्या. त्याच्या नावाने मिस्सा मागा आणि मुलांना सोबत न्या. गेलेल्याने स्वतःचा जीव घेतला असेल, तर सांगा की ख्रिस्तसभा अशांच्या तारणाची आशा सोडीत नाही आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करते. हेही त्याच ग्रंथात (परिच्छेद २२८३) आहे. मुलाचे मन फार खचलेले दिसले तर त्याला एकटे सोडू नका. धर्मगुरूंना भेटा आणि डॉक्टरांनाही अवश्य दाखवा.

'ओईजा' चित्रपटातील मुलांना कोणीच हा प्रश्न विचारला नाही. म्हणून ती लाकडी पाटीला प्रश्न विचारीत बसली.