माफी मागावी लागायची तेव्हा

वारजेकर महापालिकेला पुण्याचा, पण लोकसभेला बारामतीचा. २००९ च्या निवडणुकीपासून खडकवासला विधानसभा मतदारसंघ बारामतीत आला आणि गणपती माथा ते माळवाडी या पट्ट्यातले लोक पवारांच्या घरातलं भांडण आपल्याच भावकीतलं असल्यासारखं ऐकू लागले. राजकारणाची भाषा कशी घसरली, हे बघायला जागा बरी आहे.

‘घसरली’ हेही जपूनच म्हणायला हवं. याच शहराने आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी यशवंतरावांना काही कमी सुनावलं नव्हतं. बाळासाहेबांनी शरद पवारांचं ‘मैद्याचं पोतं’ केलं. मात्र २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. याचे गोडवे फार गायले जातात. ती बड्या घरांची आपसातली सोय होती. कार्यकर्ते खाली डोकी फोडून घेतच होते.

खरा फरक २०१३ आठवलं की कळतो. दुष्काळाचं साल. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला. एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या सभेत उपमुख्यमंत्री अजित पवारांनी त्याची टिंगल केली: धरणात पाणीच नाही, तर काय लघवी करायची? श्रोते हसले. पुढे मात्र विधिमंडळ बंद पडायची वेळ आली. अजितदादांनी माफी मागितली, काकांनीही मागितली. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा कराडला प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीपाशी, दादा आत्मक्लेश करायला बसले. विरोधक म्हणाले, नाटक आहे. असेलही. पण ते करावं लागलं, कारण न करणं परवडलं नसतं.

त्यानंतरच्या दशकात हा हिशेब उलटा झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये नारायण राणे मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली वाजवण्याची भाषा बोलले. केंद्रीय मंत्री असूनही अटक झाली, रात्री महाडच्या कोर्टातून जामीन मिळाला. त्यांचं मंत्रिपद शाबूत राहिलं. पुढच्या वर्षी ‘पन्नास खोके, एकदम ओके’वरून आमदारच विधान भवनाच्या पायऱ्यांवर एकमेकांना भिडले.

अमेरिकेत हे आधीच घडलं होतं. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामांचं भाषण चालू असताना जो विल्सन या खासदाराने ‘खोटं बोलताय’ म्हणून आरोळी ठोकली. सभागृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी ठपका ठेवला. समर्थकांनी मात्र थोड्याच दिवसांत दहा लाख डॉलरहून जास्त देणग्या पाठवल्या. ठपका स्वस्त पडला.

वारज्यात २०२४ ला हे घरातच आलं. नणंद विरुद्ध भावजय. ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ या शब्दांवरून जी चर्चा पेटली, तिच्यात गावाकडच्या पाण्याचा आणि इथल्या महामार्गावरच्या कोंडीचा प्रश्न कुठे गेला, कळलं नाही. सुळे दीड लाखावर मतांनी निवडून आल्या. त्यानंतर बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करणं चूक होती, असं दादांनी कबूल केलं. ही शिवीबद्दलची माफी नव्हती, पण त्या काळात तेवढंही दुर्मीळ होतं.

खाली, चौकात, मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. खड्ड्यावरून भांडायला समोर माणूस नसला की लोक व्हॉट्सॲपवर एकमेकांशी भांडतात. आमच्याकडच्या एका सोसायटीत लिफ्टशेजारी पाणीकपातीच्या सूचनेखाली कागद लागला: ‘ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नयेत. आदेशावरून, सचिव.’ त्याखाली कुणीतरी पेनने लिहिलं, ‘सचिव कोणत्या पक्षाचे?’

१७ जुलै २०२५ ला विधान भवनाच्या लॉबीत जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांचे समर्थक हातघाईवर आले. अध्यक्षांनी अधिवेशनात बाहेरच्यांना आत सोडणं बंद केलं. दोनच महिन्यांत पडळकरांनी जयंत पाटलांच्या वडिलांवर घसरत शेरा मारला. तो सांगली जिल्ह्यात, जाहीर सभेत. तिथे पास लागत नाही.