सिडनीतला पंत आणि बेसबॉलचा ‘डबल स्विच’

११ जानेवारी २०२१, सिडनी कसोटीचा शेवटचा दिवस. कर्णधार अजिंक्य रहाणे सकाळीच बाद झाला आणि हनुमा विहारीला मागे ठेवून ऋषभ पंत पाचव्या क्रमांकावर उतरला. पंतने ९७ धावा ठोकल्या, मग विहारीने १६१ चेंडू खेळून काढले आणि सामना वाचला. रहाणेला फलंदाजीचा क्रम फिरवायला कुणाची परवानगी लागली नाही.

बेसबॉलमध्ये हे चालत नाही. नऊ जणांचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि शेवटपर्यंत तसाच फिरत राहतो. तिघे बाद झाले की डाव थांबतो. पुढच्या डावात त्यानंतरचा माणूस बॅट घेतो. बदली खेळाडू बाहेर गेलेल्याच्याच क्रमांकावर येतो आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परतत नाही.

चेंडू फेकणारा पिचर सहसा फलंदाजीत कच्चा, म्हणून तो नववा. समजा, आठवा फलंदाज बाद झाला आणि डाव संपला. हा आठवा म्हणजे संघाचा लेफ्ट फील्डर. आता क्षेत्ररक्षणाची पाळी आहे आणि पिचर थकलाय. नुसता पिचर बदलला, तर पुढच्या डावात पहिली बॅट नव्या पिचरच्याच हाती येणार. म्हणून प्रशिक्षक ‘डबल स्विच’ करतो, म्हणजे एकदम दोघांना बदलतो: पिचरही नवा, लेफ्ट फील्डरही नवा. एकाच वेळी दोघे आले, की कुणाला कोणता क्रमांक द्यायचा हे प्रशिक्षक ठरवू शकतो. तो पिचरला आठवा देतो, फील्डरला नववा. पुढचा डाव आता खऱ्या फलंदाजाने सुरू होतो आणि पिचरची पाळी थेट आठ जणांनंतर. मात्र हे क्रमांक खेळाडू मैदानात जागा घेण्याआधीच पंचांना सांगावे लागतात. आणि किंमतही मोजावी लागते: धडधाकट लेफ्ट फील्डर कायमचा बाहेर बसतो.

अमेरिकेतल्या प्रमुख बेसबॉल साखळीच्या दोन लीगांपैकी अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून पिचरऐवजी दुसराच फलंदाज बॅट घेतो. २०२२ मध्ये नॅशनल लीगनेही तेच स्वीकारलं आणि त्या साखळीतून डबल स्विच जवळजवळ नाहीसा झाला. आयपीएलने २०२३ मध्ये ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आणला, तोही याच वाटेने जाणारा. गोलंदाजाच्या जागी फलंदाज सहज मिळाला, की कमकुवत बाजू सांभाळत संघ चालवण्याची कसोटीच उरत नाही. मला हे दोन्ही बदल खेळाच्या तोट्याचे वाटतात.