परदेशीं गेलेल्या कुटुंबांतील बधिर मूल

आई स्वयंपाकघरांतून हांक मारते आणि ओटीवर खेळणारें मूल मान वळवितें. भाषा शिकण्याचा आरंभ येथूनच होतो. त्यासाठीं कोणी पाठ घेत नाहीं. परंतु जें मूल बधिर जन्मलें, त्याच्या कानीं ती हांक पडतच नाहीं. अशा शंभर मुलांपैकीं नव्वदांहून अधिक मुलांचे आईबाप ऐकूं येणारे असतात. आपलें मूल हेंच पुष्कळदां त्यांच्या ओळखींतलें पहिलें बधिर माणूस असतें. आतां हेंच कुटुंब जर स्वदेश सोडून परक्या मुलखांत राहावयास गेलें, तर त्याची अडचण किती वाढत असेल व तींतून मार्ग कसा निघतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

एखादें मराठी कुटुंब साताऱ्याहून अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत जाऊन राहिलें, असें समजूं. घरांत मराठी, बाजारांत व कचेरींत इंग्रजी, आणि बधिर मुलांच्या शाळेंत अमेरिकन खुणांची भाषा. बाप नोकरीपुरतें इंग्रजी बोलतो; आईस तें फारसें येत नाहीं. अशा घरीं कोणी हितचिंतक येऊन सांगतो कीं, मराठी सोडा, घरांत इंग्रजीच बोला, आणि खुणांच्या नादीं तर मुळींच लागूं नका. मुलाचा गोंधळ होईल. हा उपदेश आजवर पुष्कळ आईबापांस मिळालेला आहे, आणि तो चुकीचा आहे असें आम्ही स्पष्ट म्हणतों. दोन भाषांनीं मुलाची बुद्धि खुंटत नाहीं; एकही भाषा वेळेवर न मिळाल्यानें मात्र ती खुंटते. शस्त्रक्रियेनें कानांत यंत्र बसविल्यावर कित्येक मुलांस बोलणें ऐकूं येऊं लागतें, हें खरें. तथापि सर्वांस सारखा लाभ होत नाहीं, आणि किती होईल हें कळण्यास कांहीं वर्षें जातात. तीं वर्षें भाषेवांचून कां दवडावीं?

या उपदेशाचें मूळ जुनें आहे. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली व तिनें खुणा टाकून केवळ तोंडी बोलणें शिकवावें, असा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सर्व ऐकूं येणारे होते! पुढें अनेक देशांतील शाळांतून खुणांस बंदी झाली. २०१० सालीं अशाच परिषदेनें व्हँकूव्हर येथें त्या ठरावाबद्दल खेद प्रकट केला. म्हणजे चूक कबूल होण्यास १३० वर्षें लागलीं.

खुणांची भाषा म्हणजे इंग्रजी शब्द हातांनीं दाखविणें, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तिचा इंग्रजीशीं जन्मसंबंध नाहीं. १८१७ सालीं टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या धर्मोपदेशकानें हार्टफर्ड येथें जी शाळा उघडली, तींत शिकविण्यास त्यानें फ्रान्सहून लोराँ क्लेर नांवाचा बधिर शिक्षक आणिला होता. क्लेरच्या फ्रेंच खुणा व तेथील मुलांच्या स्वतःच्या खुणा यांच्या मिश्रणांतून ही भाषा वाढली. म्हणून इंग्लंड व अमेरिका यांची बोली एक असूनही त्यांच्या बधिरांच्या खुणा भिन्न आहेत. अमेरिकेंत मुळाक्षरें एका हातानें दाखवितात; इंग्लंडांत व आपल्या भारतांत दोन हातांनीं.

या भाषेस स्वतःचें व्याकरण आहे, हें विल्यम स्टोकी या पंडितानें १९६० सालीं दाखवून दिलें. 'देणें' ही खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. कर्ता व कर्म वेगळे सांगावे लागत नाहींत. होय किंवा नाहीं असें उत्तर मागावयाचें असल्यास भुंवया वर जातात. 'उद्यां'ची खूण गालाजवळून पुढें जाते, 'काल'ची मागें.

यावरून निघणारी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ही भाषा इंग्रजी नव्हे. तेव्हां ती शिकण्यास आधीं इंग्रजी यावें लागत नाहीं. साताऱ्याची आई बधिर शिक्षकासमोर बसली, तर तिचे हात व डोळे पुरेसे आहेत. तेथें ती इंग्रजी जाणणाऱ्या शेजारणीहून मागें नाहीं. मात्र वर्ग बहुधा इंग्रजींतून बोलून, सायंकाळीं, घरापासून दूर भरतात, आणि त्याच वेळीं बापाची कामाची पाळी असते. म्हणून बधिर शिक्षकानेंच घरीं यावें, हा उपाय आम्हांस उत्तम वाटतो. यूटा राज्यांत असा प्रयोग झाला. बधिर शिक्षक घरीं येत गेल्यानें मुलांची भाषा अधिक वेगानें वाढली, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. तेथील कायद्यानें मुलाच्या शिक्षणाची योजना ठरविणाऱ्या बैठकींत इंग्रजी न जाणणाऱ्या आईबापांसाठीं दुभाषी देण्याची व्यवस्था शाळेनें करावयाची असते. हें ठाऊक नसल्यानें कित्येक आईबाप मान डोलवून सही करून येतात. घरीं परतल्यावर ऐकूं येणारी थोरली बहीणच सर्वांची दुभाषी होते. दहा वर्षांच्या पोरीनें वैद्याचें बोलणें आईस व भावास समजावून सांगावें, हा तिच्यावर अन्याय होय.

आणि तीही जेवतांना थकते. पंगतींत सर्व हंसतात. मूल विचारतें, काय झालें? उत्तर येतें, "मग सांगतों." तें 'मग' पुष्कळदां येतच नाहीं. बधिर माणसें मोठेपणीं बाळपणाच्या आठवणी सांगूं लागलीं म्हणजे या पंगतींची तक्रार पुष्कळदां करितात.

शाळेंतून शिकलेल्या खुणांनीं मराठी घराचें सर्व कांहीं भागत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. अमेरिकन खुणांत आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांस एकच खूण. पुरणपोळीस तर कोठली? अशा वेळीं घरच्या मंडळींनीं व मुलानें मिळून एकेक खूण ठरवावी. शाळेंतील भाषेस तिनें बाध येत नाहीं. साताऱ्यास राहिलेली आजीही आतां यांतून वगळली जात नाहीं. पूर्वीचा फोन बधिर नातवास निरुपयोगी होता. आतां त्यांत चेहरा व हात दिसतात. आरंभीं आजीस पांचसहा खुणा पुरतात: जेवलास का, झोंप आली का, आणि तुला कोण रागावलें.